माणसं तीच, जिना बदलला

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. त्याच दिवशी तो सासुरवाडीच्या ग्रुपवरून आला आणि रात्री एका शाळकरी मित्राने पुन्हा पाठवला. तुमच्याकडेही पोचला असेलच. वर वाड्याचा पिवळट फोटो, खाली मजकूर. थोडक्यात असा: पूर्वी वाड्यातली वीस बिऱ्हाडं एका घरासारखी राहायची, कारण माणसं मनाने मोठी होती. आता मोबाईलने आणि पैशाने माणूस आत्मकेंद्री झाला. काही शहाणे याचं खापर इमारतींवर आणि रस्त्यांवर फोडतात, पण विटा-सिमेंटचा माणुसकीशी काय संबंध? उलट रुंद रस्ते, गेट, कॅमेरे यांनी आपण सुरक्षित झालो. बागा केल्या तरी तिथे बसायला कोण जातं? शेजार हवा असेल तर आधी मन मोठं करा. शेवटी जोडलेले हात, तीन वेळा.

मी आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे, चोवीस वर्षं झाली. नाशिकमधल्या बऱ्याच इमारतींच्या स्टिल्ट पार्किंगच्या, म्हणजे खांबांवर उभ्या इमारतीखालच्या गाड्यांच्या जागेच्या, रेघा माझ्या हातच्या आहेत. त्यामुळे विटा-सिमेंटच्या वतीने बोलायचा मला थोडाफार हक्क आहे, आणि त्यातलं थोडं पाप माझ्याही खात्यावर आहे. मेसेजमधला एकेक मुद्दा घेतो.

“तेव्हा माणसं मनाने मोठी होती”

माझं लहानपण तिवंधा चौकाजवळच्या एका वाड्यात गेलं. अकरा बिऱ्हाडं, चौकात एक नळ, मागच्या अंगाला दोन संडास. नळ पहाटे साडेपाचला यायचा. सव्वापाचपासून बादल्या, कळश्या, पिंपं रांगेत आणि त्यांच्या मालकिणी बाजूला, केस तसेच बांधलेले. कोणाच्या घरी रात्री कोण आलं, कोणाचं पोर तापलंय, कोणाचा पगार अजून झाला नाही, हे सगळं पाणी भरेपर्यंत कळायचं. जिना लाकडी, अंधारा, कठड्याच्या जागी सुंभाची दोरी. त्या जिन्याच्या पायथ्याशी ज्यांचं दार होतं, त्या काकूंना अख्ख्या वाड्याची खबर. त्या फार प्रेमळ होत्या असं नाही. वर जाणारा प्रत्येकजण त्यांच्या उंबऱ्यावरून जायचा, एवढंच.

हे मी आठवणीने रंगवून सांगतोय असं वाटत असेल, तर अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या वसाहतीकडे बघा. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे लग्न झालेल्या विद्यार्थ्यांसाठी वेस्टगेट नावाची घरं बांधली. कोणाला कोणतं घर मिळेल हे राहणाऱ्याच्या हातात नव्हतं, जे रिकामं झालं ते मिळालं. लिऑन फेस्टिंगर, स्टॅनली शॅक्टर आणि कर्ट बॅक या संशोधकांनी तिथे कोणाची मैत्री कोणाशी झाली हे मोजलं आणि १९५० मध्ये निष्कर्ष छापले. एकाच मजल्यावर शेजारच्या दाराशी मैत्री जुळण्याचं प्रमाण ४१ टक्के निघालं, एक दार सोडून पलीकडे २२ टक्के, आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांमध्ये जेमतेम १० टक्के. अंतर तरी किती, तर काही फूट. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना वरच्या मजल्यावरचे मित्र जास्त. आमच्या काकूंचंच गणित झालं ना हे!

सगळे एकाच वयाचे, एकाच विद्यापीठाचे, सारख्याच मनाचे. फरक फक्त दार कुठे आहे याचा होता.

आता वाड्याची दुसरी बाजू. आमच्याकडची दोन बिऱ्हाडं एकमेकांशी नऊ वर्षं बोलत नव्हती. कारण, रांगेतली बादली सरकवली. भांडणही शेजारचंच असतं. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका वसाहतीत संशोधकांनी लोकांना आवडत्यांबरोबर नावडती माणसंही विचारली, तर तीही जवळचीच निघाली, आवडत्यांपेक्षाही जवळची. तेव्हा वाड्यातल्या मोठ्या मनाच्या गोष्टी जरा जपून सांगाव्यात. तिथे भेट टळत नव्हती. तिच्यातून मैत्री व्हायची, सोयरीक व्हायची आणि पोलीस चौकीही व्हायची.

१९९७ मध्ये आम्ही इंदिरानगरला फ्लॅटमध्ये गेलो. आई तीच, तिचं मन तेच. घरात तीन नळ, आतच संडास. पहिल्या दिवशी ती नळ सोडून नुसती बघत राहिली, इतकी खूश होती. आणि सहा महिन्यांनी समोरच्या दाराचं आडनाव तिने पाटीवरून वाचलं. ती आत्मकेंद्री झाली म्हणायची का?

“रुंद रस्त्याने शेजार कसा तुटेल?”

डोनाल्ड ॲपलयार्ड नावाच्या नगररचनाकाराने सॅन फ्रान्सिस्कोतले तीन रस्ते निवडले. घरं साधारण एकसारखी, राहणारे लोक बरेचसे एकसारखे, फरक रहदारीत. एकावरून दिवसाला २,००० गाड्या, दुसऱ्यावरून ८,०००, तिसऱ्यावरून जवळपास १६,०००. १९७२ मध्ये छापलेली त्याची आकडेवारी अशी: कमी रहदारीच्या रस्त्यावर माणसाला गल्लीत सरासरी तीन मित्र आणि सहाच्या वर ओळखीचे. मोठ्या रहदारीच्या रस्त्यावर मित्र एकाहून कमी, ओळखीचे तीन. त्याने लोकांना नकाशा दिला आणि विचारलं, यातला ‘तुमचा’ भाग कुठवर? पहिल्या रस्त्यावरच्यांनी जवळपास अख्खी गल्ली गिरवली. तिसऱ्यावरच्यांनी आपली इमारत, काहींनी तर नुसता आपला फ्लॅट. दहा वर्षांनी, १९८२ मध्ये, हाच माणूस अथेन्समध्ये भरधाव गाडीखाली गेला.

लोक म्हणतील, ते अमेरिकेतलं, आपल्याकडे कसं लागू व्हायचं? बरोबर, आकडे तसेच्या तसे नाही लागू होणार. पण तोच प्रश्न आपल्या गल्लीला विचारता येतो. संध्याकाळी सातला सिडकोतल्या कुठल्याही आतल्या गल्लीत जा. पवननगर म्हणा, उत्तमनगर म्हणा. घर एवढंसं, म्हणून माणसं पायरीवर. मेथी निवडणं चाललंय, कोणी बाईक पुसतंय, पोरांचं क्रिकेट चालू आणि चेंडू तिसऱ्या घरातल्या आजींनी जप्त केलेला. तिथून चालत मुख्य रस्त्याला या. त्याच आर्थिक पातळीतली माणसं, तसंच घर, पण तोंड रस्त्याकडे असलेल्या घराचं दार बंद आणि खिडकीला पडदा. बाहेर बसून करणार काय, धूर खाणार? या ओट्यांमध्ये बरीच वाढीव बांधकामं आहेत, नियमाला धरून नाहीत, हे मला ठाऊक आहे, तेच माझं काम आहे. पण नाशिकने मधली काही वर्षं फ्लॅटमधल्या कपाटांच्या क्षेत्रफळावरून जेवढा खल केला, त्याचा दहावा हिस्सा या ओट्यांवर केला असता तर बरं झालं असतं.

मुंबई-आग्रा महामार्गाचं बघा. शहरातला उड्डाणपूल २०१३ मध्ये सुरू झाला. बाहेरगावच्या गाड्या वरून निघून जातात, ती सोय खरी आहे, मी नाकारत नाही. पण इंदिरानगर आणि गोविंदनगर या एकमेकांना खेटून असलेल्या वस्त्यांमधलं अंतर आता मीटरमध्ये सांगून उपयोग नाही. ते ‘महामार्गाखालच्या बोगद्यात किती अडकलास’ यात सांगायचं. माझी मावशी गोविंदनगरला राहते. आई पूर्वी तिच्याकडे चालत जायची. आता फोन करते.

आणि रस्ता म्हणजे फक्त गाड्यांचा, हे नाशिककराने तरी म्हणू नये. तिवंधा चौकात, शनि चौकात, जुन्या तांबट लेनमध्ये रस्त्याखाली पेशवेकालीन रहाडी, म्हणजे मोठे हौद, आहेत. वर्षभर त्या बुजवलेल्या, वरून रिक्षा जातात, नव्या माणसाला पत्ताही लागत नाही. रंगपंचमीच्या आधी खोदून उघडतात, साफ करून पूजा होते, पाणी भरून रंग कालवतात आणि मग दिवसभर धप्पे, म्हणजे हौदात धपाधप उड्या. आमच्या वाड्यातली न बोलणारी दोन्ही बिऱ्हाडं त्या दिवशी एकाच हौदात असायची. ज्या कोणी चौकाच्या मधोमध हा हौद बांधला, त्याने रस्त्याची रुंदी मोजताना माणसं धरली होती.

“मोबाईलने घात केला”

आईने समोरची पाटी वाचली त्या वर्षी आमच्या घरात मोबाईल नव्हता. ॲपलयार्डच्या रस्त्यावर तर नव्हताच नव्हता. इथेच हा मुद्दा संपायला हरकत नाही, पण एक गंमत सांगतो. विल्यम व्हाइट नावाच्या संशोधकाने १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांमध्ये कॅमेरे लावून लोक कसे वावरतात याच्या फिती काढल्या होत्या. कीथ हॅम्प्टन या संशोधकाने त्याच धर्तीवर काढलेल्या जुन्या फिती मिळवल्या, २००८ ते २०१० या काळात त्या फितींमधल्या जागांवर पुन्हा कॅमेरे लावले आणि दोन्ही फिती शेजारी ठेवून माणसं मोजली. फोनवर असलेली माणसं जागेनुसार ३ ते १० टक्के, आणि तीही बहुतेक एकटी आलेली. मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या पायऱ्यांवर तर घोळक्याने बसणारे पूर्वीपेक्षा वाढलेच होते. तेव्हा स्मार्टफोन आजच्याइतके पसरले नव्हते, हे धरूनच हा आकडा वाचावा. याच हॅम्प्टनने त्याआधी टोरांटोजवळच्या एका नव्या वसाहतीत पाहिलं होतं, की ज्या घरांना इंटरनेट मिळालं त्यांची शेजाऱ्यांशी ओळख न मिळालेल्यांच्या सुमारे तिप्पट.

कॉलेज रोडला संध्याकाळी पोरं घोळक्याने बसतात, प्रत्येकाच्या हातात फोन असतो. बघणाऱ्याला फोन दिसतो. मला चौघं एकाच कट्ट्यावर मांडीला मांडी लावून बसलेली दिसतात.

“गेट आणि कॅमेऱ्यांनी सुरक्षित झालो”

सोसायटीच्या आत गणपती जोरात होतो, कोजागरीला दूध आटतं, पोरं गाड्यांच्या भीतीशिवाय खेळतात. सगळं खरं. माझी स्वतःची मुलगी अशाच आवारात सायकल शिकली. तक्रार भिंतीच्या बाहेरच्या बाजूची आहे. गंगापूर रोडला पुढे गेलात किंवा पाथर्डी फाट्याच्या पलीकडे, तर असे पट्टे लागतात की एका बाजूला दोनशे मीटर कंपाऊंड वॉल, दुसऱ्या बाजूला मोकळा प्लॉट. दुकान नाही, दार नाही, खिडकी आहे ती पाचव्या मजल्यावर. रात्री नऊला मुलीला क्लासहून तिथून एकटं चालत यायला सांगाल? भिंतीवर कॅमेरा आहे बरं का. जुन्या सराफ बाजारातून मात्र त्याच वेळी ती बिनघोर येईल, कारण शटर ओढणारा ओळखीचा, पानवाला जागा आणि गॅलरीत आजोबा. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्सने १९६१ मध्ये न्यूयॉर्कबद्दल हेच मांडलं होतं: रस्त्यावर दुकानदारांचे आणि रहिवाशांचे डोळे असतील तर रस्ता सांभाळला जातो.

‘सुरक्षित’ या शब्दाचा खरा कस लागला तो शिकागोत, जुलै १९९५ मध्ये. उष्णतेच्या लाटेत तिथे ७३९ जास्तीचे मृत्यू झाले. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने दोन लागून असलेल्या वस्त्या ताडून पाहिल्या, नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. ऊन तेच, आणि एकटे राहणारे गरीब म्हातारे दोन्हीकडे साधारण सारखेच. एकीकडे लाखामागे ४० मेले, दुसरीकडे ४. पहिली वस्ती ओस पडलेली: रिकामे प्लॉट, बंद दुकानं, रस्त्यावर जायची भीती. दुसरीकडे फुटपाथ गजबजलेले आणि दुकानं उघडी, त्यामुळे म्हातारी माणसं उन्हाची कडेला सावलीत, दुकानाच्या गारव्यात येऊन बसायची. आणि जी आली नाहीत, त्यांच्याबद्दल कोणीतरी विचारायचं.

आपल्याकडे याला पुराचं उदाहरण आहे. २००८, २०१६, २०१९, गोदावरी चढली की सराफ बाजार आणि भांडी बाजारातली माणसं हवामान खात्याच्या आधी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात. ‘कमरेला लागलं’, ‘छातीला आलं’ अशी बातमी दुकानातून दुकानात तोंडी पळते, आणि छाती म्हटलं की माल वर चढवायला सुरुवात. शेजारचा गावाला गेला असेल तर त्याचंही कुलूप कोणाकडे मिळेल हे माहीत असतं. आमच्या सोसायटीत गेल्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी शिरलं तेव्हा वॉचमनने पंधरा मिनिटं इंटरकॉम केले. पांढऱ्या गाडीचा मालक कोण हे कोणालाच सांगता येईना. ती गाडी सी विंगच्या चौथ्या मजल्यावरची निघाली. हा मेसेज आम्हाला पाठवणाऱ्या काकांचीच.

“बागा केल्या तरी बसतं कोण?”

आता माझ्या पापाकडे येतो. आपल्या विकास नियंत्रण नियमावलीत ०.४ हेक्टर आणि त्यावरच्या जागेला १० टक्के खुली जागा सोडावी लागते. ती कुठे सोडतात हे ड्राफ्ट्समनला विचारा. आधी इमारती बसवायच्या, मग ड्राइव्ह-वे, मग गाड्या. उरतो तो नाल्याकडचा तिरका तुकडा किंवा ट्रान्सफॉर्मरच्या मागचा कोपरा. नकाशात त्याच्यावर हिरवं हॅच मारलं, म्हणजे हिरव्या रेघा भरल्या, की झाली बाग. लिफ्टमधून उतरून गाडीकडे जाणाऱ्याला ती दिसत नाही. संध्याकाळी सूर्य इमारतीमागे गेला की तिथे डास. दोन झोके, एक सिमेंटचं बाक, तेही भिंतीकडे तोंड करून. मग पाच वर्षांनी सभेत कोणीतरी म्हणतं, बागेत कोणी जात नाही, तिथे पार्किंग करू.

व्हाइटने न्यूयॉर्कमध्ये शेकडो तास फिती बघून काढलेला मुख्य निष्कर्ष ऐकून हसू येईल: माणसं तिथेच बसतात, जिथे बसायला जागा असते. त्यापुढचं बारीकसारीक असं, की रस्त्याची वर्दळ दिसली पाहिजे, ऊन-सावली निवडता आली पाहिजे, जवळ खायला काही हवं, आणि खुर्ची हलवता आली तर उत्तम, मग माणूस ती चार इंच सरकवतो आणि बसतो. शहराने हे मनावर घेतलं. १९७५ मध्ये नियम बदलला, चौकाच्या दर ३० चौरस फुटांमागे एक फूट लांबीची बैठक. ड्राफ्ट्समन म्हणून मला या नियमाचा हेवा वाटतो. माझ्या टेबलावरच्या नकाशात दुचाकी, चारचाकी सेंटिमीटरपर्यंत मोजलेली असते. माणसाने बसायच्या फुटांचा रकाना नसतो.

आमच्याच बी विंगमध्ये दोन वर्षांपूर्वी लिफ्ट आठवडाभर बंद होती. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. खाली आल्या की त्यांना एकदम वर चढवेना, म्हणून नातवाने जिन्यापाशी, मीटर बॉक्सच्या शेजारी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवल्या. लिफ्ट सुरू झाली, खुर्च्या राहिल्या. आता संध्याकाळी तिथे पाच खुर्च्या असतात. येणारा-जाणारा तिथूनच जातो, दुधाची पिशवी हातात घेऊन दोन मिनिटं थांबतो. मला त्या विंगमधली चौदा कुटुंबं नावाने माहीत आहेत. माझ्या ए विंगमधली सहा. दोन्ही विंगचा नकाशा एकच, मिरर केलेला.

“आधी मन मोठं करा”

यातला अर्धा मुद्दा मी मान्य करतो. नुसत्या आराखड्याने सगळं होत नाही. अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये प्रुइट-आयगो नावाच्या ३३ इमारती बांधल्या आणि १९७२ पासून त्या पाडायला घेतल्या. नगररचनेच्या वर्गात ते वाईट आराखड्याचं उदाहरण म्हणून सांगतात, पण देखभालीला पैसा नव्हता, कामधंदे आटले होते, ही कारणंही तेवढीच मोठी होती. आणि जुन्या नाशिकच्या दाटीवाटीचं कौतुक करताना जिभेला आवर घालावा लागतो. २००३ च्या कुंभात पंचवटीतल्या सरदार चौकाजवळच्या अरुंद उतारावर चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. जुने वाडे दर पावसाळ्यात ढासळतात. आणि त्या एका घरासारख्या वाड्याच्या नळावर गावातला कोणीही येऊन बादली लावू शकत होता का? २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला तो याच गावात, याच गल्ल्यांमध्ये. एकमेकांना जीव लावणारी गल्ली कोणाला आत घेत नव्हती, हे फोटोखालच्या मजकुरात लिहिलेलं नसतं.

म्हणून मला वाडा परत नको. आतला संडास हवा, तीन नळ हवेत, लिफ्टही हवी. मला एवढंच म्हणायचंय की आराखडा मैत्री करून देत नसला, तरी दिवसात किती वेळा कोणाची गाठ पडणार हे तो ठरवतो. त्या गाठी आम्हीच पुसायच्या, स्टिल्टमध्ये गाड्या भरायच्या, जिना आग अडवणाऱ्या दारामागे ढकलायचा, आणि मग वर राहणाऱ्याला मन मोठं करायला सांगायचं, हे काही बरोबर नाही.

सध्या माझ्या टेबलावर पाथर्डी शिवारातल्या एका सात मजली इमारतीचा नकाशा आहे. त्यात मी लिफ्टच्या दारासमोर, रस्ता दिसेल अशा बाजूला, ४५ सेंटिमीटर उंच आणि अडीच मीटर लांब एक ओटा काढलाय. बिल्डर परवा येऊन गेले. त्यांनी बोट ठेवून विचारलं, “हे काय?” म्हटलं, “बसायला.” त्यांनी मोबाईलवर हिशेब केला आणि म्हणाले, “दोन दुचाक्या जातात यात.” नकाशा अजून त्यांच्याकडून परत आलेला नाही.